पडून राहिलेली मोटरहोडी पुन्हा पाण्यात आणताना

(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज खाडीकाठच्या आणि जुव्यावरच्या शेतकऱ्यांशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. सावित्रीची बाणकोट खाडी घ्या, वाशिष्ठीची दाभोळ खाडी घ्या, शास्त्रीची जयगड खाडी घ्या, नाहीतर आणखी खाली कर्ली आणि तेरेखोल घ्या. घर अलीकडच्या तडीला आणि भातखाचर पलीकडे, अशी कितीतरी कुटुंबं या खाड्यांच्या काठी आहेत. त्यांना होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची. खताची पोती, पेंढा, गवताचे भारे, नारळ, आंब्याच्या पेट्या, लावणीची माणसं, सगळं होडीतून जातं-येतं.

मग ठिकठिकाणी पूल झाले, टेम्पो आले. घरच्या लाकडी मोटरहोड्या काठावर चढवल्या गेल्या, त्या तिथेच राहिल्या. कुणाची माडाखाली आडवी आहे, कुणाची झापांखाली झाकलेली आहे. आता कुणी हिशेब करतो. पुलावरून फेरा लांबचा पडतो, प्रत्येक खेपेला भाडं जातं, आणि पलीकडची जमीन तर पडीक ठेवायची नाही. मग घरात बोलणं निघतं, "होडी आहेच की आपली! इंजिन चालू करून घेऊ, रंग मारू, झालं काम."

मंडळी, घात होतो तो इथेच. इंजिन वाजायला लागलं की होडी तयार झाली असं वाटतं. रंग लागला की ती नवी दिसते. पण माणसाला पाण्यावर धरून ठेवतं ते लाकूड, इंजिन नव्हे आणि रंग तर नव्हेच. म्हणून आजच्या भाषणाचं सार आधीच सांगून टाकतो. आधी लाकूड, मग यंत्र, शेवटी रंग. हा क्रम उलटा केला तर पैसे तर जातातच, पण भर खाडीत बायकामाणसं आणि मुलं होडीत असताना फळी सुटली तर पैशाच्या पलीकडचं नुकसान होतं.

काम कधी सुरू करावं?

पावसाळा संपला की, म्हणजे कार्तिकात. आंब्याच्या पेट्या चैत्र-वैशाखात हलवायच्या, खत मृगाआधी पलीकडे पोचवायचं, म्हणजे होडी फाल्गुनात पाण्यात हवी. मच्छीमारांची आपल्या होड्यांच्या डागडुजीची घाई असते ती पावसाळी बंदीच्या दिवसांत, नारळी पौर्णिमेच्या आधी. त्या वेळी होडीचे चांगले सुतार मिळत नाहीत. थंडीत त्यांना गाठलं तर ते सावकाश, मन लावून काम करतात.

पहिलं काम हत्याराचं नाही, झाडूचं आहे. होडीतला पालापाचोळा, माती, साचलेलं पाणी काढा. तळाचं बूच काढून ठेवा. होडी मागच्या बाजूला किंचित कलती ठेवा म्हणजे पाणी आपोआप निघून जाईल. होडीचा भार पठाणावर, म्हणजे तळाच्या मुख्य लांब लाकडावर यायला हवा. पठाणाखाली तीन-चार ओंडके सारखे बसवा. बाजूला टेकू द्यायचे ते आतल्या वाकांच्या जागी द्यावेत, दोन वाकांमधल्या नुसत्या फळीला देऊ नयेत. वाक म्हणजे होडीच्या बरगड्या. टेकू चुकीच्या जागी दिला तर होडीचा आकार बसतो, आणि एकदा बसलेला आकार पुन्हा उठत नाही.

होडी उन्हात उघडी टाकून झटपट वाळवू नका. उन्हाने फळ्या आकसतात, चिरतात. वर झापांचा मांडव घाला, वारा खेळता ठेवा, आणि महिनाभर सावलीत वाळू द्या.

लाकडाची परीक्षा

खाऱ्या पाण्याने होडी कुजते असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं पाहता कुज धरते ती गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाच्या. मीठ कुजीच्या बुरशीला मानवत नाही. म्हणून पडून राहिलेल्या होडीत कुज शोधायची ती पाऊस साचतो तिथे. वाक जिथे पठाणाला मिळतात ते कोपरे, नाळेच्या आतली बाजू, मागच्या फळीचे कोपरे, बसायच्या आडव्या फळ्यांची टोकं, आणि इंजिनाच्या बैठकीखालची लाकडं. या पाच जागा आधी पाहा.

परीक्षेला दोनच वस्तू लागतात. एक लहान हातोडी आणि एक टोच्या. हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. कुजलेलं लाकूड भद्द आवाज करतं. आवाज बदलला तिथे टोच्या दाबा. टोच्या जेमतेम टोकाएवढा गेला तर ठीक. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तिथे खडूने खूण करा. सगळी होडी अशी आतून-बाहेरून तपासायला एक पुरा दिवस लागतो. तो द्या. रंगाचा जाड थर असेल तिथे तो आधी खरवडून काढा. रंगाखाली काय आहे ते रंग सांगत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे खाऱ्या पाण्यातली लाकूड पोखरणारी कीड. ही खरं म्हणजे शिंपल्याच्या जातीची असते, दिसते मात्र लांबट अळीसारखी. बाहेरून तिचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं, आत मात्र बोट जाईल एवढी वाट केलेली असते, आणि त्या वाटेला आतून पांढरा चुन्यासारखा थर असतो. वरून फळी साजरी दिसते, आतून ती पोळ्यासारखी झालेली असते. तळाच्या फळ्यांवर आणि पठाणावर अशी बारीक भोकं दिसली तर तेवढ्या जागी पटाशीने थोडं लाकूड उघडून पाहा. होडी बरेच महिने काठावर सुकी असेल तर कीड मेलेली असते, पण तिने केलेली पोकळी राहतेच.

तिसरी गोष्ट खिळ्यांची. फळीवर गंजाचे ओघळ दिसतात, खिळ्याभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडलेलं दिसतं. तो खिळा आतून बारीक झालेला असतो. प्रत्येक बाजूच्या फळ्यांतले चार-पाच खिळे उपटून पाहा. मधोमध ते काडीसारखे झाले असतील तर सगळ्या होडीचे खिळे नव्याने घालायचं खातं हिशेबात धरा. जुन्या भोकात नवा खिळा मारू नका. भोकात लाकडी मेख बसवा आणि नवा खिळा शेजारी घ्या. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे घ्या, पण एकाच ठिकाणी तांबं आणि लोखंड एकत्र आणू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की लोखंड झपाट्याने झिजतं.

होडी ठेवायची की मोडायची?

आता वही काढा. खडूच्या खुणा मोजा. बाहेरच्या फळ्या बदलता येतात, बसायच्या फळ्या बदलता येतात, चार-सहा वाकही बदलता येतात. पण पठाण कुजलं असेल, किंवा साधारण तिसरा हिस्सा वाक मऊ झाले असतील, तर माझा सल्ला असा की ती होडी उभी करू नये. तेवढ्या खर्चात आणि कष्टात नवी लहान होडी होईल. जुन्या होडीतलं इंजिन, दांडा, पंखा, सुकाणूचं लोखंड आणि नांगर काढून घ्या. इंजिन बरं असेल तर नव्या होडीत बसेल, नाहीतर पंपाला लागेल.

हा निर्णय कठीण असतो हे मी जाणतो. वडिलांनी बांधून घेतलेली होडी असते, घरातल्या वराती तिच्यातून आलेल्या असतात. पण माया वेगळी आणि खाडीतली भरती वेगळी. टोच्या जे सांगेल ते ऐका. आणि हा निर्णय कर्ज काढण्यापूर्वी करा, काढल्यानंतर नको. बऱ्याच वेळा आधी इंजिनावर पैसे घातले जातात, मग "एवढे घातलेत तर आता होडीही करू" असं होतं, आणि कुजलेल्या लाकडावर पैशावर पैसा पडत राहतो.

हिशेबाची तीन खाती ठेवा. पहिलं लाकूड, खिळे आणि सुतार. दुसरं इंजिन, दांडा आणि मिस्त्री. तिसरं नोंदणी, नांगर, दोर, तरंगणारी जाकिटं. शेजारी वर्षाला किती खेपा होतील आणि टेम्पोचं किती भाडं वाचेल ते लिहा. किती वर्षांत पैसे फिटतात ते समोर दिसेल.

दुसऱ्याची जुनी होडी विकत घेत असाल तर हीच परीक्षा पैसे देण्याआधी करा. मालक टोच्या लावू देत नसेल तर तिथून नमस्कार करून निघावं.

सुतारकाम आणि कलाफत

नवी फळी साग, ऐन किंवा फणस अशा आपल्याकडे होड्यांना चालत आलेल्या लाकडाची घ्या, पण मुरलेली, वाळलेली घ्या. ओली फळी बसवली तर ती पुढे आकसते आणि सांधा उघडतो. कुज काढताना मऊ भाग तेवढाच कोरून वर लुकण भरू नका. कुजीच्या कडेपासून वीतभर चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे कापा. शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एकाच वाकावर येऊ देऊ नका. भिंत बांधताना विटांचे सांधे आपण जसे चुकवतो, तसंच हे आहे. नव्या लाकडाला आतून-बाहेरून उंडिणीचं तेल मुरवण्याची कोकणातली जुनी रीत चांगली आहे, ती सोडू नका. मात्र तेल पुरतं मुरून सुकल्याशिवाय वर रंग घेऊ नका.

त्यानंतर कलाफत. फळ्यांच्या फटींतलं जुनं, कडक झालेलं सूत किंवा काथ्या ओढून काढा. फट स्वच्छ करा. तेलात-राळेत भिजवलेलं सूत वळून, बोथट पटाशीने ठोकत एकसारखं भरा, आणि वरून राळ-तेलाचं लुकण ओढा. इथे एक इशारा देतो. सुकलेल्या होडीत फटी मोठ्या दिसतात म्हणून जोर लावून ठासून भरू नका. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात. फट जास्त ठासलेली असेल तर फुगणाऱ्या फळीला जागा राहत नाही आणि ती खिळ्यांसकट वाकापासून उचलते. सूत घट्ट बसावं, पण लाकडाला श्वास घ्यायला जागा असावी.

आता फायबरबद्दल. जुन्या लाकडी होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवून घ्या, कायमची गळती थांबेल, असं सांगणारे भेटतात. लाकूड पूर्ण सुकं आणि निरोगी असेल, काम जाणत्या कारागिराचं असेल, तर गोष्ट वेगळी. पण ओल्या, कुज धरलेल्या फळ्यांवर तो थर म्हणजे ओल्या जखमेवर बांधलेलं प्लॅस्टिक. आत ओल कोंडते, कुज वाढते, आणि वरून काहीच दिसत नाही. होडी मुळातच फायबरची असेल तर तीही ठोकून पाहा. आवाज पोकळ येतो तिथे थर सुटलेले असतात. पायाखाली तळ दबत असेल, किंवा मोटर लावायची मागची फळी हलत असेल, तर आतलं लाकूड कुजलेलं समजा.

इंजिन: घाई करू नका

हा भाग खाडीकाठच्यांनीच नव्हे, ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन बंद पडून आहे त्यांनीही नीट ऐकावा. यंत्र तेच, त्याचे रोगही बहुतेक तेच.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाचं हँडल पहिल्याच दिवशी मारू नका. आधी गेज-काठी काढून तेल पाहा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. तेल काळं, घट्ट असलं तरी ते काढून टाका. मग वरचा इंजेक्टर काढा, त्या भोकातून अर्धा कप डिझेल आणि इंजिन तेल यांचं मिश्रण सोडा, आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. त्यानंतर फ्लायव्हील हाताने हळूहळू हलवून पाहा. थोडं पुढे, थोडं मागे. हललं तर मोकळं होईपर्यंत असंच करा. नाही हललं तर आणखी तेल सोडा, आणखी चार दिवस थांबा. घणाचा घाव घालू नका, दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू नका. अडकलेला पिस्टन धीराने सुटतो, जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग मोठा खर्च निघतो. भोकातून घातलेलं जास्तीचं तेल इंजेक्टर लावण्याआधी फ्लायव्हील फिरवून बाहेर काढा.

मोकळं झालं की डिझेलची टाकी उतरवून आतून धुवा. बुडाला गंज, गाळ आणि पाणी हमखास असतं. फिल्टर नवा घाला. नळ्या तडकलेल्या असतील तर बदला. इंजेक्टर मिस्त्रीकडे देऊन तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा यायला हवा, थेंब गळता कामा नये. फवाऱ्यासमोर बोट धरू नका. तो कातडीत घुसतो आणि जखम फार वाईट होते. नवं डिझेल भरल्यावर नळीतली हवा काढायची ती टाकीपासून क्रमाने. आधी फिल्टर, मग पंप, शेवटी इंजेक्टरची नळी. हवा राहिली तर कितीही हँडल मारा, इंजिन धरणार नाही.

होडीच्या इंजिनाला खाडीचं पाणी थंड ठेवतं. तेच पाणी मीठ आणि गाळ आतल्या वाटांत साठवतं. पाणी आत घेणारी जाळी, नळ्या आणि पंप उघडून साफ करा. पंपात रबरी पाती असतील तर त्या जुन्या पाती वापरूच नका, नव्या घाला. पडून राहिलेलं रबर कडक होतं आणि पहिल्याच फेरीत त्याचे तुकडे पडतात. इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात थंडाव्याचं पाणी बाहेर पडताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर लगेच बंद करा.

जुन्या होड्यांत धुराच्या नळीला पांढरी दोरी किंवा पट्टी गुंडाळलेली असते. ती बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसची असते. तिचा भुगा छातीत गेला तर पुढे मोठे आजार होतात, हे आता पक्कं ठाऊक झालं आहे. ती कोरडी ओरबाडू नका. नाक-तोंड नीट झाकून, पाण्याने भिजवून काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. जागी काचतंतूची पट्टी गुंडाळा.

इंजिन चालू झालं की धुराकडे पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, हवा कमी आहे किंवा भार जास्त आहे. निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे, रिंगा झिजल्या आहेत. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर आत पाणी येत असेल किंवा डिझेल कच्चं जात असेल. हे मिस्त्रीला सांगितलंत तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

मागे टांगायची पेट्रोलची मोटर असेल तर एक गोष्ट विसरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाला साचते आणि एका ठिणगीने भडकते. टाकी भरताना बिडी-काडी नको, आणि सांडलेलं पेट्रोल पुसून, होडी वाऱ्याला मोकळी करून मगच मोटर सुरू करा.

दांडा, ग्लँड आणि पंखा

इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा होडीच्या तळातून बाहेर जातो. म्हणजे होडीला मुद्दाम पाडलेलं भोकच ते! तिथे पाणी अडवते ती ग्लँडमधली डोरी. जुनी डोरी सगळी काढा. नवी डोरी एकाच लांब तुकड्याची गुंडाळू नका. दांड्याभोवती बसतील अशा वेगवेगळ्या कड्या कापा आणि प्रत्येक कडीचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवा. चालताना ग्लँडमधून अधूनमधून थेंब पडला तर तो योग्यच आहे, त्यानेच दांडा थंड राहतो. एकही थेंब नको म्हणून करकचून आवळलं तर दांडा तापतो आणि झिजतो. मात्र धार लागली तर ते बरं नव्हे.

पंख्याजवळ दांडा हाताने वरखाली हलवून पाहा. खडखड हलला तर बेअरिंग झिजलं आहे. पंख्याची पाती सारखी आहेत का, चीर आहे का ते पाहा. पितळी पंख्यावर गुलाबी, तांबूस डाग दिसत असतील तर त्यातलं जस्त निघून गेलेलं असतं. असं पितळ ठिसूळ होतं आणि ओंडक्याला लागलं की मोडतं. लोखंडाचे भाग वाचावेत म्हणून पाण्याखाली जस्ताचा तुकडा बसवतात. तो झिजतो म्हणूनच बाकीचं टिकतं. तो निम्मा झिजला की बदला, आणि त्याला रंग कधीही लावू नका.

इंजिन आणि दांडा एका रेषेत आणणं हे काम दोनदा करायचं. एकदा काठावर, आणि दुसऱ्यांदा होडी पाण्यात दोन-तीन दिवस राहिल्यावर. पाण्यात होडीचा आकार थोडा बदलतो. दुसऱ्यांदा तपासलं नाही तर होडी थरथरते आणि बेअरिंग खाते.

रंग आणि पाण्यात उतरवणं

आता कुठे रंगाची पाळी आली. लाकूड कोरडं असताना अस्तर, मग रंगाचे हात. पाण्याखालच्या भागाला शिंपले-कालवं धरू नयेत म्हणून तांब्याचा अंश असलेला खास रंग मिळतो. त्याचा शेवटचा हात डब्यावर लिहिलेल्या मुदतीत, पाण्यात उतरवण्याच्या बेताने द्या. रंग खरवडताना-लावताना तोंड झाका, आणि खरवडलेला चुरा खाडीत लोटू नका, गोळा करा. त्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवं आपणच खातो.

होडी उतरवायची ती उधाणाच्या भरतीला, पण खोल पाण्यात नको. उथळ जागी, जिथे ओहोटीला ती चिखलावर अलगद बसेल अशा ठिकाणी बांधा. पहिला दिवस-दोन दिवस ती गळणारच. घाबरू नका. लाकूड फुगतं आणि गळती कमी होत जाते. रात्री एक माणूस उपसायला जवळ ठेवा. तिसऱ्या दिवशीही गळती तेवढीच असेल तर ओहोटीला फट शोधा. "चालेल तेवढं, उपसत राहू" असं म्हणून कामाला लावू नका.

मग भाराची परीक्षा. माणसं बसवून नव्हे, वाळूची पोती ठेवून. थोडी थोडी वाढवत जा. होडीची कड पाण्याच्या वर भरपूर राहिली पाहिजे, कारण वाऱ्याची लाट मोजून येत नाही. जिथे थांबायचं ठरलं तिथे पाण्याच्या रेषेवर बाहेरून ठळक पट्टा रंगवा. तो पट्टा बुडाला की एक भाराही जास्त नाही, मग बोलावणारा पाहुणा असो की व्यापारी.

पहिली फेरी काठाकाठाने, दिवसाउजेडी, वारा पडलेला असताना करा. वल्ही, नांगर, दोर, उपसायचा डबा आणि माणसागणिक एक तरंगणारं जाकीट होडीत हवंच. इंजिन मध्येच बंद पडलं तर नांगर टाकता आला पाहिजे, नाहीतर ओहोटी होडीला खाडीच्या मुखाकडे ओढून नेते.

कागदपत्रं

यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी लागते. देशांतर्गत जलमार्गावरील नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. महाराष्ट्रात ही कामं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात पाहिली जातात, गोव्यात बंदर कप्तानांच्या खात्यात. जुनी होडी वडिलांच्या किंवा पहिल्या मालकाच्या नावावर असेल तर काम सुरू करण्याआधीच तिथे जाऊन विचारा. भाडं घेऊन माणसं नेण्याचा परवाना वेगळा असतो. शेतीच्या होडीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना तरीसारखं भरून नेऊ नका. अपघात झाला तर जबाबदारी होडीवाल्याची असते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी लाकूड, मग यंत्र, शेवटी रंग.
२. पावसाचं पाणी होडीत साचू देऊ नका. बूच काढून, होडी कलती ठेवा.
३. हातोडी आणि टोच्याने सगळी होडी तपासा. पठाण कुजलं असेल तर मोह सोडा.
४. कर्ज काढण्याआधी परीक्षा, नंतर नव्हे.
५. कलाफत घट्ट, पण ठासून नको.
६. अडकलेल्या इंजिनाला तेल आणि दिवस द्या, घाव देऊ नका.
७. ग्लँडमधून थेंब चालेल, धार चालणार नाही.
८. इंजिन-दांड्याची रेष पाण्यात पुन्हा तपासा.
९. भाराची परीक्षा वाळूच्या पोत्यांवर करा, माणसांवर नको.
१०. वल्ही, नांगर, डबा आणि जाकिटं नसतील तर दोर सोडू नका.

एवढं केलंत तर माडाखाली पडलेली तुमची होडी पलीकडच्या शेताचा रस्ता पुन्हा जवळ करील. पुढे दरवर्षी मृगाआधी ती वर काढा, ओली असतानाच शिंपले खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, इंजिनात ताजं तेल घालून झाका. वर्षाचे हे चार दिवस दिलेत तर पुन्हा एवढं मोठं काम काढावं लागणार नाही.